अकरा महिन्यांचा करार: सोय कुणाची, गळ्यात कुणाच्या?

पर्वरीतला भाडेकरू:
परवा शुक्रवारी म्हापशाला नोटरीकडे गेलो होतो. बाजाराचा दिवस, गाडी लावायला अर्धा तास गेला. आत टायपिस्टने मागच्या कुणाचा तरी करार उघडला, नावं बदलली, भाडं बदललं आणि प्रिंट काढून पुढ्यात ठेवली. शेवटच्या पानावरचं घराचं वर्णन वाचलं तर माझ्या टू बीएचकेला तीन बेडरूम आणि पूर्वेला नारळाची बाग! माझ्या पूर्वेला शेजारच्या बिल्डिंगचा जिना आहे. मालक हसून म्हणाले, "कोण वाचता तें!" मी सही न करता परत आलो. आता पुढच्या शुक्रवारी बोलावलंय.

तर मुद्दा असा. गोव्यात सगळे डोळे मिटून अकरा महिन्यांचं 'लीव्ह अँड लायसन्स' करतात, म्हणजे कागदावर भाडेपट्टा नव्हे, नुसती राहायची परवानगी. माझं म्हणणं, दोन-तीन वर्षांचा रीतसर भाडेकरार करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा. आधीच्या घरात जूनमध्ये राहायला गेलो आणि ऑक्टोबरमध्ये निरोप आला, "सीझन सुरू होतोय, घर मोकळं करा." करारात नोटिशीची ओळच नव्हती. मुलीची शाळा अर्ध्यावर, आणि आम्ही टेम्पो शोधतोय.

बार्देशचा घरमालक:
साहेब, तुमचं दुःख कळलं. आमचंही ऐका. गोव्यात घर भाड्याने देणारा माणूस रात्री झोपताना मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या आणि कायद्याने सहज उठवता न येणाऱ्या माणसाचा, विचार करतो. आमच्या आजोबांनी बागेत एकाला राहायला खोली दिली, माणुसकीखातर, कागद नाही काही नाही. त्याचे नातू आज तिथे आहेत आणि आम्ही तारखांना जातोय. वर १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडेकरू उठला नाही तर रेंट कंट्रोलरपुढे कारणं सिद्ध करत बसा. अकरा महिने संपले की निदान तोंडाने म्हणता तरी येतं, "मुदत संपली." तीन वर्षं लिहून दिली तर माझ्याच घरात मी पाहुणा.

काळा कोट, फोंडा:
घरमालकांच्या दोन गैरसमजुती एकदम काढतो.

एक, मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्याची व्याख्या उघडून बघा. घराचं भाडं भरून राहणारा माणूस त्यातून सरळ वगळलाय. म्हणजे तुमच्या आजोबांचं नडलं ते कागद केल्यामुळे नव्हे, न केल्यामुळे. भाड्याची पावती ही तुमची ढाल आहे, आणि तीच द्यायला तुम्ही घाबरता.

दोन, 'लायसन्स' हा शब्द. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय यावरून कोर्ट ठरवत नाही. १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या केशकर्तनाच्या खोल्या होत्या. कागदावर लायसन्स होतं, कोर्टाने त्याला भाडेपट्टा म्हटलं. घराचा पूर्ण ताबा, किल्ली भाडेकरूकडे, तुम्ही दार वाजवून आत येणार. मग वर काहीही लिहा.

आणि अकरा हा आकडा काही देवाने दिलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला कुणीतरी एक महिना कापला आणि तीच रूढी झाली. पण पर्वरीकर, तुम्हालाही सांगतो: तीन वर्षांचा करार नुसता नोटरीच्या शिक्क्यावर केलात आणि नोंदवला नाहीत, तर त्यातल्या अटी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

वेर्ण्याला नोकरी:
मी भाडेकरू आहे आणि मला अकराच हवेत. कंपनी कधी पुण्याला पाठवेल सांगता येत नाही. तीन वर्षांच्या कराराला लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याची अट, लावतात आणि मध्ये सोडलं की डिपॉझिट बुडालं. पर्वरीकरांना मुलीची शाळा आहे, मला सूटकेस आहे.

पुण्याहून आलेली:
महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी मालकाची. घरबसल्या अंगठा देऊन होतं. इथे नोंदणी म्हटलं की मालक असं बघतात जणू मी घरच मागितलंय.

बार्देशचा घरमालक:
ताई, पुण्याचं पुण्याला. वकीलसाहेब, तुमचा कायदा बरोबर असेल, पण तो सिद्ध करायला तुमचीच फी द्यावी लागते ना? स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी, एक अख्खी सकाळ, आणि ते कोण भरणार यावर वाद.

पर्वरीतला भाडेकरू:
खरं कारण मी सांगू? पॅन. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) मला ऑफिसात मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो मागितला की चहासुद्धा मिळत नाही.

बार्देशचा घरमालक:
यावर माझं काही म्हणणं नाही.

मडगावची गृहिणी:
तुम्ही कायद्यावर भांडताय. पैसे जातात ते डिपॉझिटमध्ये. घर सोडताना आमचे अर्धे डिपॉझिट 'रंगकामाचे' म्हणून कापले. कारण काय, तर बेडरूमच्या भिंतीवरची बुरशी! गच्ची गळत होती, जुलैपासून आम्ही फोन करत होतो, कपाटातल्या साड्यांना वास लागला, आणि बुरशी आमची? २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांचं डिपॉझिट ही कमाल मर्यादा आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो नुसता आदर्शच. म्हणून आता किल्ली घेतानाच प्रत्येक भिंतीचा फोटो काढते, वीजमीटरचं रीडिंग, गीझर, पंखे, किल्ल्या किती, सगळं एका कागदावर लिहून मालकाची सही घेते. गळती दुरुस्ती कुणाची हेही लिहायचं. गोव्यात ही ओळ नसलेला करार म्हणजे छत्रीशिवाय जून.

काळा कोट, फोंडा:
ताईंनी माझ्यापेक्षा कामाचं सांगितलं. त्यात पोलिसांकडे द्यायच्या भाडेकरू पडताळणीच्या फॉर्मची प्रत जोडा. कोण, कधीपासून, कुणाच्या घरात, याचा तोही एक पुरावाच.

पर्वरीतला भाडेकरू:
आज शुक्रवार, जाऊन आलो. तीन वर्षांना मालक नाहीच म्हणाले. अकरा महिने, पण दोन महिन्यांची नोटीस दोघांनाही, गळती मालकाकडे, मीटर रीडिंग लिहिलं. पॅन 'बघू' वर आहे. तीनच्या जागी दोन बेडरूम झाल्या, बाजूला दोघांच्या सह्या. मी नारळाची बाग खोडायला लागलो तर टायपिस्ट म्हणाला, "असू दे हो, कागद बरा दिसतो."