रॉक बँडसोबत व्हायोलिन-ट्रम्पेट: लिहायचं कसं, कंडक्ट कोणी करायचं?

लातूरकर_कीज
आमच्या रॉक बँडसाठी १२ मिनिटांची रचना लिहायलोय. गिटार, बेस, ड्रम्स, मी कीबोर्डवर. सोबत ४ व्हायोलिन आणि लग्नाच्या बँडमधले २ ट्रम्पेट, १ आल्टो सॅक्स. स्केल पांढरी तीन (ई), मेजर. कार्यक्रम मे महिन्यात, मोकळ्या मैदानात. वाजवता वाजवता कंडक्टिंगही मीच करावं का? डीप पर्पल या रॉक बँडचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड कसं करायचा?

नांदेडी_सप्तक
आधी स्केल बदला. ट्रम्पेट बी-फ्लॅटचा, म्हणजे कागदावरचा सी त्यातून बी-फ्लॅट वाजतो; म्हणून त्याचा पार्ट (त्याच्यापुरता नोटेशनचा कागद) २ सेमीटोन (अर्धस्वर) वर लिहावा लागतो. आल्टो सॅक्स ई-फ्लॅटचा, त्याचा ९ वर. पांढरी तीन त्यांच्या कागदावर ६ आणि ७ शार्पची (स्वर अर्धा चढवायच्या खुणांची) होते. कोण वाचणार ते? पांढरी चार (एफ) घ्या, १ आणि २ शार्पवर भागतं. गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावला की जुनेच कॉर्ड चालतात.
म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्सर्ट पिच’ (सगळ्यांचे पार्ट कीबोर्डच्याच स्वरांत दाखवणारं बटण) बंद करूनच पार्ट छापा. तो चालू राहिला तर ट्रम्पेट कीबोर्डच्या एक स्वर खाली वाजतो आणि अख्खी तालीम चूक शोधण्यात जाते.

औंधा_नागनाथ
लॉर्ड ऑर्गनवर बसायचा, कंडक्टरची काठी (बॅटन) दुसऱ्याकडे. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं त्याचा कन्चर्टो (बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) वाजवला, तेव्हा माल्कम अर्नॉल्ड कंडक्टर होता. अर्नॉल्ड मुळात ऑर्केस्ट्रातला ट्रम्पेटवादक, वादकांची नस ओळखणारा. पुढच्याच वर्षी त्या कन्चर्टोचा स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) हरवला. १९९९ च्या प्रयोगासाठी एका डच संगीतकारानं रेकॉर्डिंग ऐकून तो पुन्हा लिहून काढला. पीडीएफ दोन ठिकाणी ठेवा बरं का.
पहिल्या खेपेला तुम्हीही दुसऱ्यालाच उभं करा. तसा माणूस नसेल तर लय बदलते तिथं डाव्या हाताला विराम लिहा. हात उचलतानाचा इशारा नव्या लयीतच हवा. तो जुन्या लयीत गेला की ड्रमर एकीकडे, व्हायोलिन दुसरीकडे.

परभणी_पिचबेंड
मैदानात १० मीटरवर आवाज साधारण ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मागच्यांनी ड्रम ऐकून नाही, हात बघून वाजवायचं.
उन्हात ट्रम्पेटचा सूर चढतो, व्हायोलिनच्या तारा उतरतात, कीबोर्डचा सूर जागचा हलत नाही. ट्रम्पेटवाल्यांनी स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) थोडी बाहेर ओढावी. तरी चढच राहिला तर कीबोर्डचं मास्टर ट्यून (सगळा सूर वर-खाली करायचं सेटिंग) नेहमीच्या ४४० वरून ४४२ हर्ट्झ करा आणि बाकीच्यांना त्यावर मिळवून घ्या. ड्रम्सपुढं ४ व्हायोलिन ऐकू येणार नाहीत, प्रत्येकाला पिकअप (वाद्यावर चिकटवायचा माइक) लावा. आणि कीबोर्डचा स्ट्रिंग पॅड (व्हायोलिनसारखा भरीव आवाज) त्या वेळी बंद! खरी व्हायोलिनं त्याच्याशेजारी बेसूर वाटतात.

लातूरकर_कीज
कॅपोला गिटारवाला राजी आहे. ट्रम्पेटवाल्यांना मात्र सरगमच लागते.

नांदेडी_सप्तक
मग कागदाच्या डोक्यावर ट्रम्पेटला ‘सा = जी’ आणि सॅक्सला ‘सा = डी’ असं ठळक लिहा. तुमची पांढरी चार त्यांच्या बोटांखाली तिथंच येते.