घरातली हकिगत आणि गहाणखताची मिती

प्रश्न (नारायण पेठ, पुणे)

आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाणारी हकिगत अशी, की पुरंदर तालुक्यातली आमची जिरायत जमीन प्लेगच्या साली सावकाराने गिळली आणि म्हणून पणजोबा बिऱ्हाड घेऊन पुण्यात आले. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, घरातले बहुतेक कागद वाहून गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतले एक पुडके तेवढे वाचले. त्यात मोडीतले गहाणखत निघाले. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून ते वाचून घेतले, तेव्हा त्यावर माघ शके १८१५ अशी मिती असल्याचे कळले, आणि हे प्लेगच्या बरेच आधीचे आहे. येत्या दिवाळीत सगळ्या भावंडांना देण्यासाठी मी पणजोबांचे छोटे चरित्र लिहिते आहे. त्यातला मुख्य प्रसंगच खोटा निघाला, तर काय लिहावे? शिवाय कागदावर ज्या सावकाराचे नाव आहे, त्यांच्याच घराण्यात माझी एक भाची दिली आहे. ते नाव छापावे का?

उत्तर १

मिती आधी नीट सोडवून घ्यावी. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असे सरसकट सांगितले जाते, परंतु पौष-माघापर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असल्याने तिथे बहुधा ७९ मिळवावे लागतात. म्हणून आपला कागद १८९४च्या आरंभीचा ठरतो. याहून जुना कागद हाती आला आणि त्यात ‘इहिदे अशरैन मयातैन व अलफ’ असे काही दिसले, तर गोंधळून जाऊ नये. तो सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत येणारी, अरबी आकड्यांत लिहिलेली कालगणना) १२२१ असून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे, म्हणजे १८२०-२१ साल येते.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यामुळे माणसांची व गावांची नावे एकाच्या वाचनावर सोडू नयेत. दुसऱ्या जाणकाराला पहिल्याचे लिप्यंतर न दाखवता तोच कागद वाचायला द्यावा. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) चौकशी केल्यास मोडी जाणणारी माणसे भेटतात. कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि तो लॅमिनेट तर मुळीच करू नका. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, छायाचित्र घेणे पुरे.

उत्तर २

ताई, प्रसंग खोटा निघाला असे मला वाटत नाही. गहाण टाकणे ही एक गोष्ट आणि जमीन हातची जाणे ही दुसरी. दोहोंमध्ये तीन-चार वर्षे सहज जातात. मला खटकते ते वेगळेच. १८९७ साली प्लेगमुळे लोक पुणे सोडून बाहेर पळत होते, घरे रिकामी पडत होती, आणि नेमके त्याच वेळी आपले पणजोबा बायकामुलांसह पुण्यात शिरले? मात्र १८९६-९७ हे दख्खनमध्ये दुष्काळाचेही साल होते. पुढे १८९९-१९००चा दुष्काळ तर त्याहून भीषण होता, आणि प्लेगही एका वर्षात संपला नाही, तो पुण्यात पुनःपुन्हा येत राहिला. जुनी माणसे तारखेऐवजी अशी सालेच लक्षात ठेवत, त्यामुळे ‘प्लेगच्या साली’ म्हणजे ‘त्या सुमारास’ एवढाच अर्थ धरावा.

जमिनीचे पुढे काय झाले, ते फेरफारांवरून, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या सरकारी नोंदींवरून, काही अंशी कळेल. पण हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा असल्याने त्याआधीचा फेरफार मिळणार नाही. गावचा सर्वांत जुना फेरफार काढून त्या सर्व्हे नंबरावर तेव्हा कोणाचे नाव लागले होते, एवढे पाहावे. त्याआधीच्या व्यवहारासाठी दस्त नोंदणीच्या सूचीकडे वळावे लागेल. तालुक्याला दोन-तीन खेपा होतील, हे गृहीत धरा. माझ्या चार झाल्या, आणि त्यातली एक केवळ सर्व्हे नंबर जुना की नवा हे विचारून घेतले नव्हते म्हणून.

उत्तर ३

सावकाराच्या नावाबद्दल माझे मत वरच्या मंडळींपेक्षा कदाचित कडक असेल. गहाणखत हा दोघांनी राजीखुशीने केलेला व्यवहार असतो आणि ‘गिळली’ हा आपल्या घरचा शब्द आहे. त्या घरी विचारल्यास पणजोबांनी व्याज थकवले, अशी हकिगत मिळण्याची शक्यता आहे. म्हणून चरित्रात ‘आम्ही ऐकत आलो’ आणि ‘कागदात असे आहे’ हे दोन आवाज स्पष्टपणे वेगळे ठेवा, नाव गाळा, आणि मूळ कागदाची प्रत ज्याला पाहायची त्याला घरी दाखवा. मजकूर वाटण्यापूर्वी भाचीला वाचायला द्यावा, हे तर ओघानेच आले.

आणखी एक. आपल्या संपूर्ण प्रश्नात पणजीचा उल्लेख नाही. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलत असल्याने आपल्याकडे बायका कागदावरून नाहीशा होतात. तिचे माहेर शोधायचे असेल तर त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

पणजीविषयीचा टोला मान्य आहे. काल रात्री नव्वदीच्या आत्यांना फोन करून पणजी पुण्याला येण्याबद्दल काय सांगत असे, ते विचारले. प्लेगचे नाव त्यांनी काढले नाही. त्या म्हणाल्या, “कडबा मिळेना म्हणून बैल विकले आणि दिवेघाट चालत उतरलो, एवढेच ती सांगायची. बैलांची नावे मात्र तिला शेवटपर्यंत आठवत होती.” ती दोन्ही नावे मी लिहून घेतली आहेत, आणि सोमवारी जुने फेरफार पाहायला सासवडला जाते आहे.