'फेडरेटेड'ला मराठीत काय म्हणावं? 'संघ' सोडून सांगा

मंडळी, एका शब्दावर अडून बसलोय. आमच्या दहाबारा जणांच्या ग्रुपसाठी जुन्या लॅपटॉपवर सिनॅप्स टाकून राहिलो, म्हणजे मॅट्रिक्स नावाच्या चॅटच्या पद्धतीचा सर्व्हर, पायथनमधला, ओपन सोर्स. तो चालून राहिला मस्त, कूलरसमोर ठेवलाय. पण ग्रुपमधल्या मोठ्या माणसांसाठी मराठीत एक पानभर माहिती लिहायला घेतली अन् पहिल्याच ओळीत 'फेडरेटेड' आला. डिक्शनरीत संघीय, संघात्मक. मग मी लिहिलं, 'आपला सर्व्हर संघातल्या इतर सर्व्हरांशी जोडलेला आहे'. काकांनी चष्मा लावून वाचलं अन् म्हणाले, काहून रे, रेशीमबागेत बसवला का?

आता नागपुरात १९२५ पासून संघ म्हटला की एकच संघ, माणूस तिकडचा असो की विरोधातला, डोक्यात दुसरं काही येतच नाही. दुसरा शब्द द्या कोणीतरी.

— महासंघ म्हण ना भाऊ. दूध उत्पादकांचा असतो तसा.

— महासंघ म्हटला की वर अध्यक्ष आला, कार्यकारिणी आली. इथं वर कोणीच नाही, तीच तर गंमत आहे.

— मग विकेंद्रित लिहा, विषय संपला.

— नाही संपत. टोरेंट पण विकेंद्रित आहे, पण तिथं प्रत्येकाचा कॉम्प्युटर थेट दुसऱ्याशी बोलतो. इथं माझं खातं एका सर्व्हरवर, तुमचं दुसऱ्यावर, अन् ते दोन सर्व्हर आपसात बोलतात, ईमेलसारखं. पत्ता पण तसाच, आधी माझं नाव मग कोलन मग सर्व्हरचं नाव. चॅटचं जुनं जॅबर, म्हणजे एक्सएमपीपी, ते १९९९ पासून हेच करून राहिलं, मॅट्रिक्स २०१४ चं. फरक एवढा की एक्सएमपीपीत ग्रुपची खोली सहसा एकाच सर्व्हरवर राहते, तो झोपला की सगळे बाहेर. मॅट्रिक्समध्ये त्या खोलीत ज्या ज्या सर्व्हरची माणसं आहेत त्या प्रत्येकाकडे तिची प्रत. परवा अमरावतीच्या मित्राचा सर्व्हर रात्रभर लाइट नसल्यानं बंद होता, आमच्या गप्पा चालूच, सकाळी त्याचा उठला अन् राहिलेलं सगळं मागून घेतलं त्यानं. हे 'विकेंद्रित'मध्ये कुठं दिसते?

— मी राज्यशास्त्र शिकवायचे म्हणून लिहिते. तुमच्या काकांचं सोडा, 'संघ' अर्थानंही चुकतो. घटनेच्या पहिल्या कलमात 'राज्यांचा संघ' आहे ना, तो संघ युनियनसाठी आहे, फेडरेशनसाठी नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत याचं कारण दिलंय, की आपलं फेडरेशन राज्यांनी आपसात करार करून झालेलं नाही, म्हणून कोणाला फुटून निघायचा हक्कही नाही, आणि म्हणून शब्द युनियन. उलट फेडरल हा शब्द लॅटिनमधल्या फोएडसवरून आला, त्याचा अर्थच करार, तह. आता तुम्ही सांगा, तुमच्या सर्व्हरला वाटेल तेव्हा बाहेर पडता येतं का?

— हाव ताई, येते ना. कॉन्फिगच्या फाईलमध्ये यादी देता येते की फक्त याच सर्व्हरांशी बोल, बाकीच्यांना दार नाही. फ्रान्स सरकारचं टचॅप, म्हणजे त्यांचं चॅट ॲप, मॅट्रिक्सवरच आहे, ते काही गावभर उघडं नाही.

— मग सोयरीक म्हणा! दोन्ही घरं आपापली, चूल वेगळी, कोणी कोणाचा मालक नाही.

— सोयरीक भारी आहे बे, पण त्याले बैठक लागते, याद्या लागतात. इथं माझ्या सर्व्हरनं काल एका जर्मनीतल्या सर्व्हरशी बोलणं केलं तर आधी काही ठरलं नव्हतं, नावावरून पत्ता काढला, ८४४८ पोर्टवर टकटक केली, सही तपासली, झालं. करार म्हणाल तर एकच, प्रोटोकॉल, म्हणजे आपसात बोलायचे नियम, अन् तो सगळ्यांसाठी सारखा.

— म्हणजे येणं-जाणं. आमच्या आजी म्हणायच्या, त्यांच्याकडे आपलं येणं-जाणं आहे. अन् भांडण झालं की येणं-जाणं बंद.

— ताई हेच! डीफेडरेट करणं म्हणजे येणं-जाणं तोडणं, यापेक्षा बरोबर काय असणार. एका सर्व्हरवरून स्पॅम यायला लागला तर लोक अक्षरशः हेच करतात.

— चांगलंय पण विशेषण कसं करणार? 'फेडरेटेड चॅट'चं काय, 'येणंजाणं चॅट'? हसतील.

— विशेषण कशाला पाहिजे म्हणतो मी. इंग्रजीत विशेषण आहे म्हणून आपल्याकडे पण विशेषणच पाहिजे असं कुठं लिहिलंय, अन् तसा हट्ट धरला की मग 'संघीकृत तत्क्षणिक संवाद' असलं काहीतरी तयार होते जे लिहिणाऱ्यालाही उद्या कळत नाही. मी वाक्य बदललं: 'आपल्या सर्व्हरचं बाकी सर्व्हरांकडे येणं-जाणं आहे.' काकांना दाखवलं. म्हणाले मग अमरावतीवाल्याले इथूनच मेसेज जाईल का. जाईल म्हटलं.

— अन् होमसर्व्हर, म्हणजे ज्यावर आपलं खातं असते तो? घरचा सर्व्हर?

— घरचा म्हटलं तर लोकांना वाटते घरी ठेवलेला. माझा योगायोगानं घरीच आहे ते सोडा. मी 'माहेर' लिहिणार होतो, तुम्ही फिरा कुठंही, नावामागं गाव तेच. खरंच तेच राहते हो, सेटअप करताना सर्व्हरचं नाव मी घाईत चुकीचं टाकलं, नंतर कळलं ते बदलताच येत नाही, सगळं पुसून पहिल्यापासून केलं, रात्रीचा दीड वाजला.

— माहेर नको, आमच्या घरच्या लगेच विचारतील मग सासर कुठलं. 'मूळ सर्व्हर' बरा.

— चालते. 'रूम'ले काय लिहू? खोली लिहिलं तर इकडे पहिला प्रश्न किराया किती.

— कट्टा लिही.