वरच्या जबड्याची सूज, कॅन्सर नाही म्हणतात, मग स्टेरॉइड द्यायचं का?

माधवनगरचा: आईला (वय ६१, शुगर आहे) वरच्या जबड्यात उजवीकडं सूज आहे. दाढेचंच असेल म्हणून दाढ काढली, अँटिबायोटिक झाल्या, सूज काय हलंना आणि नाकाची ती बाजू पण बंद, मग मिरजेत सीटी केला तर सायनसमध्ये मांस वाढलंय, हाड झिजलंय असं आलं, आमचे हातपायच गळाले. तुकडा तपासला, कॅन्सर नाही, 'प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर' एवढंच लिहिलंय. आता म्हणतात आयजीजी-४ चा आजार (आयजीजी-४ ही एक अँटिबॉडी, यात प्रतिकारशक्ती बिघडून अवयवांत सूज, गाठी येतात) असेल, स्टेरॉइड सुरू करू. कुणाला माहितीय का?

दातवाला_कराड: दादा, स्टेरॉइडला घाबरू नका पण घाई पण नको. शुगर आणि वरच्या जबड्याचं हाड झिजलेलं म्हटलं की आम्हाला आधी म्युकर (काळी बुरशी) आठवतं, २०२१ मध्ये काय काय बघितलंय! बुरशी असताना स्टेरॉइड दिलं तर तिला रान मोकळं. म्हणून तुकड्यावर बुरशीचं आणि टीबीचं स्टेनिंग (रंग देऊन तपासणं) झालंय का ते विचारा. परत तुकडा काढायला लागेलच असं नाही, आधीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, तो ब्लॉक लॅबकडं असतो, त्यावरच आयजीजी-४ चं स्टेनिंग होतं. आयजीजीवाल्या पेशींत आयजीजी-४ च्या ४० टक्क्यांच्या वर पाहिजेत, शिवाय चटईच्या विणीसारखे तंतू आणि बुजलेल्या शिरा दिसतात का तेही बघतात. एन्का (एएनसीए) या अँटिबॉडीची रक्ततपासणी पण करा, वेगेनर नावाचा रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार (आता जीपीए म्हणतात) असाच दिसतो, त्यात पण कधीकधी या पेशी सापडतात.

रानवाटा: एवढं कशाला, हळदीच्या गुळण्या करा, स्टेरॉइडनं हाडं भुगा होतात.

कृष्णाकाठची: गुळण्यांनी सायनसमधलं मांस जाणार व्हय ओ? माझ्या सासऱ्यांना हाच आजार, लाळेच्या गाठीत. रक्तात आयजीजी-४ नॉर्मल (१३५ मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या आत) तरी तुकड्यात निघालं, बऱ्याच जणांचं तसं असतं म्हणे. वजनावर डोस काढून स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमनं चालू केलं, महिन्याभरात सूज उतरली, मग हळूहळू कमी. शुगर मात्र वर गेली, इन्सुलिन लागलं, ते आधीच ठरवून ठेवा. मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत. आजार परत उलटला तर रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी कमी करणारं औषध) असतं, त्याच्या आधी हिपॅटायटिस बी तपासतात. आणि स्वादुपिंड, किडनी पण बघून घ्या, नुसत्या जबड्यावर थांबत नाही हा.

माधवनगरचा: ब्लॉक लॅबवाले देतात का पण?

दातवाला_कराड: देतात, डॉक्टरांची चिठ्ठी न्या, सही करून घ्या. स्लाइडी पण मागा सोबत. आणि तुमच्या डॉक्टरांना म्हणा संधिवाताच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी द्या, हा आजार त्यांच्याकडंच जातो.