नकाशासाठी काढलेले फोटो ठेवायचे कुठे? मुंबईकर मॅपर्सचे अनुभव

धागाकर्ता

ऑनलाइन नकाशांसाठी फोटो काढणारे आपल्यात बरेच आहेत. कुणी गूगल मॅप्सवर लोकल गाइड म्हणून टाकतं, कुणी मॅपिलरीवर (रस्त्यांचे फोटो जमवणारी साइट) अख्खा रस्ता चढवतं, कुणी ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) आणि विकिमीडिया कॉमन्ससाठी (विकिपीडियाचा खुला फोटोसंग्रह) हिंडतं. या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि ते कुणी मागतही नाही. पण हल्ली भेटेल तो मॅपर एकच सांगतो, जागा संपली.

२०१५ ते मे २०२१ या काळात गूगल फोटोजवर ‘हाय क्वालिटी’त कितीही फोटो मोफत ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून नवा प्रत्येक फोटो १५ जीबीत मोजला जाऊ लागला, आणि त्याच १५ जीबीत मेल आणि ड्राइव्हही आहेत. आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबी. फ्लिकरने २०१३ मध्ये १ टेराबाइट मोफत देऊ केलं होतं, २०१९ पासून मोफत खात्याला १००० फोटोंची मर्यादा आली. आपली सवय मोकळ्या जागेच्या काळात लागली आणि काम मात्र वाढतच गेलं.

नकाशावर दिसणारी प्रत बहुतेकदा आकसलेली असते. पाटीवरचं बारीक अक्षर, काढल्याची वेळ, अक्षांश-रेखांश हे सगळं मूळ फाइलीत राहतं. म्हणून मूळ फाइल जपावी लागते, आणि ती जपायचा भार सगळा आपल्यावर. तुमच्याकडे काय झालं, काय उडवावं लागलं, आता कसं करता, ते लिहा. अमुक कंपनी बरी की तमुक, हा वाद इथे नको.

विक्रोळीकर

मी स्टेशनांवरचे पादचारी पूल टिपतो. कुठला जिना कुठल्या फलाटावर उतरतो, सरकता जिना चढणारा की उतरणारा, लिफ्टचं दार कुठल्या बाजूला, व्हीलचेअरला उतार आहे का. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसं गेली, तेव्हापासून हे करतो. दुसरा जिना कुठे आहे हे माणसाला गर्दीत शिरायच्या आधी कळलं पाहिजे, एवढीच इच्छा.

एका पुलाला एक फोटो पुरत नाही. प्रत्येक जिन्याचं तोंड, वरची पाटी, खालून, वरून, शिवाय संध्याकाळच्या उजेडात परत. नकाशावर यातले दोन-चार जातात. उरलेले घरी बसून जिने आखताना लागतात. पुलाला नवा जिना जोडला, की जुना फोटो काढून ताडून बघावं लागतं. म्हणजे दोन वर्षांनीसुद्धा लागतात.

माझी जागा भरली तेव्हा पहिला फटका मेलला बसला, कारण कोटा एकच. मुलीच्या प्रवेशाचा मेल आलाच नाही. कॉलेजातून फोन आला म्हणून कळलं. बायको म्हणाली, “ते पुलांचे फोटो आधी काढून टाक.” तिचं काय चुकलं? त्या रात्री कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचे मूळ फोटो मी बसून उडवले. पैसे भरून जागा वाढवता येते, ठाऊक आहे. पण लोकांच्या नकाशासाठी मी माझ्या पगारातून दरमहा भाडं का भरायचं? आणि भरायचं थांबलो की वाढलेले फोटो पुन्हा उघड्यावर. हे मला अजून पटलेलं नाही.

मुलुंडची मॅपर

विक्रोळीकर दादा, वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे मूळ फोटो ठेवायची गरज नसते. दुकानाची पाटी टिपली, नाव आणि वेळ नकाशावर भरली, की त्या फोटोचं काम झालं. मी दर रविवारी बसून असे फोटो काढून टाकते. पूल, भुयारी मार्ग, जुन्या इमारती मात्र ठेवते.

एक सांगते, जागा वाचवायला म्हणून बरेच जण फोटो व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवून ठेवतात. तसं करू नका. तिथे फोटो आकसतो आणि त्यातलं लोकेशनही निघून जातं, म्हणजे नकाशाच्या दृष्टीने तो निरुपयोगी. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते.

वसईची सात चौदा

फोन ६४ जीबीचा. क्लाउड भरला की बॅकअप थांबतो, बॅकअप थांबला की फोन भरतो, फोन भरला की कॅमेरा उघडतच नाही. चर्चगेटला उतरून समोर नवी पाटी दिसते आणि टिपता येत नाही. एवढंच लिहायचं होतं.

गिरगावातली आजी

मी स्वतः मॅपर नाही. आमचे हे निवृत्तीनंतर करायचे. खोताची वाडी, ठाकूरद्वार, काळबादेवी, सगळीकडे सकाळी चालायला जायचे ते कॅमेरा घेऊनच. आधी पॅनोरामिओवर टाकायचे, ती साइट २०१६ मध्ये बंद झाली. तेव्हा त्यांनी सगळं पुन्हा जुळवून दुसरीकडे चढवलं होतं. मेट्रो तीनचं काम आमच्याकडे सुरू झालं तेव्हा ज्या इमारती रिकाम्या झाल्या, त्यांचे खालच्या दुकानांसकट फोटो त्यांच्याकडे होते. आता गिरगाव स्टेशन सुरू झालंय, आणि तिथे आधी काय होतं ते नातवाला दाखवायचं तर तेच फोटो काढते.

ते गेले. खातं काठोकाठ भरलेलं आहे. दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर असं खातं बंद होऊन आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं, असं भाच्याने सांगितलं. म्हणून मी सणावाराला आठवणीने उघडते. पासवर्ड त्यांनी वहीत लिहून ठेवला होता. त्यात आमच्या घरचेही फोटो आहेत, मुलाच्या लग्नाचे. मुलगा म्हणतो, घरचे ठेवू, रस्त्यांचे काढू, म्हणजे जागा होईल. मी काढू देत नाही. घरचे फोटो निदान अल्बममध्ये तरी आहेत. रस्त्यांचे दुसरीकडे कुठेच नाहीत.

कोळीवाड्यातला ३६०

आज्जी, प्लीज काढू देऊ नका.

मी वरळी कोळीवाड्यात राहतो, कॉलेजात आहे. भारतात गूगलचा स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे कॅमेरा लावलेल्या गाडीने टिपलेले रस्त्यांचे फोटो, पुन्हा जुलै २०२२ मध्ये आला, मुंबई पहिल्या शहरांत होती. पण गाडी मोठ्या रस्त्यावरून जाते. आमच्या बोळातून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागतं, तिथे कुठली गाडी? म्हणून मित्राचा ३६० कॅमेरा (एका वेळी चहूबाजूंचं टिपणारा) घेऊन मी स्वतः बोळ चालतो. अॅम्ब्युलन्स कुठपर्यंत येते, मग स्ट्रेचर कुठून न्यायचं, हे बाहेरच्या माणसाला दिसावं म्हणून.

३६० चं गणित साध्या फोटोसारखं नसतं. एक फोटो कितीतरी एमबीचा, आणि व्हिडिओ घेतला तर एका फेरीत अख्खा मोफत कोटा संपतो. त्यात मार्च २०२३ मध्ये स्ट्रीट व्ह्यूचं वेगळं अॅप बंद झालं, फोनवरची जुळलेली पद्धत मोडली. आता कॅमेऱ्यातून लॅपटॉप, चेहरे धूसर करायचे, मग मॅपिलरीवर. चढेपर्यंत जागा अडलेली. घरात लॅपटॉप एकच आहे आणि ताईचं ऑफिसचं कामही त्याच्यावर चालतं. बोळाचा अर्धा भाग चढवून झालाय, उरलेला मेमरी कार्डातच आहे. नवं कार्ड घेईपर्यंत पुढचे बोळ थांबलेत.

फोर्टातला फिरस्ता

मी जुने मैलाचे दगड टिपतो. इंग्रजांच्या काळात मुंबईतली अंतरं फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजत, तिथपासूनचे आकडे या दगडांवर कोरलेले आहेत. काही फुटपाथखाली गाडले गेले होते. जोडीला पाणपोया, ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारती.

जागेच्या अडचणीवर मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे विकिमीडिया कॉमन्स. तिथे माणशी कोटा नाही आणि मूळ आकारातली फाइल तशीच राहते. लोकेशनसकट चढवता येते. अट अशी की परवाना खुला हवा, म्हणजे तुमचा फोटो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, नावासह वापरू शकतो. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग नाही. आणि तिथे काहीही टाकता येत नाही. सार्वजनिक जागेतली इमारत किंवा पुतळा आपल्या कायद्याने चालतो, भिंतीवरचं चित्र किंवा पोस्टर हाच विषय असेल तर फोटो काढून टाकला जाऊ शकतो. विक्रोळीकरांच्या लिफ्टच्या दारांचे वीस कोनही तिथे शोभणार नाहीत, पण पुलाचा एकेक नीट फोटो नक्की चालेल. वर्णन मराठीतही लिहा, शोधणाऱ्याला मिळतं.

आजींच्या फोटोंबद्दल मात्र एक अडचण आहे. परवाना देण्याचा हक्क आता वारसांचा, त्यामुळे घरच्यांनी मिळून ठरवावं लागेल. त्यांची तयारी असेल तर कागदपत्रांचं मी बघतो.

विक्रोळीकर

मुलुंडच्या ताई, तुमचा रविवारचा नियम दुकानांसाठी ठीक. पण कुठला फोटो पुढे लागेल हे आज कसं ठरवायचं? अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, शीवचा ऑगस्ट २०२४ मध्ये. बंद व्हायच्या आधल्या आठवड्यात या पुलांचे फोटो कुणाला महत्त्वाचे वाटत होते? रोजचंच होतं ते.

मुलुंडची मॅपर

हे मान्य. पूल मी ठेवतेच, पण पुलाखालच्या टपऱ्या काढून टाकत होते. त्या ठेवायला हव्यात.

परळचा रहिवासी

एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. या दोन्हींचे, जिने आणि गॅलऱ्यांसकट, मूळ फोटो माझ्याकडे हार्ड डिस्कवर आहेत. क्लाउडवर ठेवणं मी केव्हाच सोडलं. डिस्क एकच आहे, ती बंद पडली तर सगळंच गेलं, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हवी आहे. माझ्या डिस्कवर अजून भरपूर जागा आहे. बदल्यात कुणाची प्रत मी ठेवीन. कोळीवाड्यातल्या मुला, तुझं कार्ड घेऊन ये, मी रिकामं करून देतो. शनिवारी दुपारनंतर घरी असतो.

कोळीवाड्यातला ३६०

येतो काका. परवा शनिवारच आहे. कार्डाबरोबर रीडरही आणतो.

धागाकर्ता

परळच्या काकांसारखं आणखी कोण एकमेकांची प्रत ठेवायला तयार आहे? फक्त विभाग आणि डिस्कवर मोकळी जागा किती ते इथे लिहा, फोन नंबर उघड्यावर टाकू नका, तो व्यक्तिगत निरोपातून कळवा. गिरगाव, दादर आणि ठाण्याच्या बाजूने अजून कुणी पुढे आलेलं नाही.