जे-२४ च्या डेक फिटिंगना कोणतं सीलंट लावायचं?

निळं_शीड :
मुंबई बंदरातली जुनी जे-२४ (२४ फुटी शिडाची बोट) पावसाळ्यासाठी वर काढली आहे, पाण्यात जाण्याआधी गळती बंद करायची आहे. कामं तीन. स्टँचनचे, म्हणजे डेकच्या कडेच्या कठड्याच्या खांबांचे, पाय (६ मिमीचे बोल्ट, आत केबिनमध्ये ठिबकतं), केबिनची ॲक्रिलिक खिडकी आणि तळातून गेलेलं स्पीड-सेन्सरचं प्लास्टिकचं थ्रू-हल (तळाच्या भोकात बसवलेली नळी). हार्डवेअरवाला म्हणतो, सिलिकॉन सगळीकडे चालतं. क्लबात एकाने थ्रीएमचं ५२०० सांगितलं. एकच ट्यूब तिन्हीकडे चालेल का? एका स्टँचनखाली आधीच कुणीतरी सिलिकॉन भरलंय, तेही सांगा.

कुलाबा_धक्का :
नाही चालणार. तिन्ही जागी सीलंट वेगळं लागेल.

५२०० स्टँचनला अजिबात लावू नका. ते पॉलियुरेथेन आहे आणि सीलंटपेक्षा गोंद जास्त. पुढे स्टँचन वाकलं आणि पाय काढायची वेळ आली, तर जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) सोबत घेऊन निघतो. कील (तळाखालचा वजनदार पंखा) आणि हल (बोटीचं मुख्य अंग) यांच्या सांध्यासारखं जे कधी उघडायचं नाही, तिथेच ते शोभतं.

थ्रू-हलला सिकाफ्लेक्स २९१ किंवा थ्रीएम ४२०० घ्या. तेही पॉलियुरेथेनच, पण पुढे काढता येतं. पॉलिसल्फाइड इथे नको, काही प्लास्टिकं त्याने खराब होतात. नट हाताने आवळून वर अगदी थोडा पाना द्या, प्लास्टिकची कॉलर जोराने तडकते. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, म्हणून जाड थर आतून सावकाश पिकतो. बोट पाण्यात सोडण्याआधी आठवडाभर तरी हात लावू नका. आणखी एक : लावण्याआधी जागा स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तर ते पूर्ण उडू द्या, ओल्या अल्कोहोलवर पॉलियुरेथेन नीट पिकत नाही.

खिडकीला न्यूट्रल-क्युअर सिलिकॉन किंवा सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही, त्याच्या प्रायमरसकट. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन बोटीवर नकोच, ते पिकताना ॲसिड सोडतं आणि धातू खातं. ॲक्रिलिक उन्हात बरंच वाढतं : ६०० मिमीची काच ३० अंशांच्या फरकात सव्वा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून बोल्टची भोकं सैल ठेवा आणि खाली सीलंटचा २-३ मिमी थर राहील असे स्पेसर द्या. ॲसिटोन मात्र ॲक्रिलिकजवळ आणूच नका, बारीक तडे जातात.

बाल्सा_वाचवा :
स्टँचनबद्दल एवढंच म्हणेन की ट्यूब निवडणं हा दुय्यम प्रश्न आहे. जे-२४ च्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड आहे. सीलंट आज ना उद्या सुटणारच. तेव्हा पाणी केबिनमध्ये आलं तर दिसतं तरी, बाल्सात शिरलं तर डेक आतून कुजतं आणि पायाखाली दबायला लागेपर्यंत कळत नाही.

बोल्ट काढा, भोकातून थोडा भुसा काढून बघा. फिकट आणि कोरडा असेल तर पुढे जा. तपकिरी, ओलसर लगदा आला तर आधी ती जागा उघडून वाळवावी किंवा बदलावी लागेल, वरून कितीही सीलंट भरलं तरी व्यर्थ.

कोरडं असेल तर वरचा थर आणि बाल्सा १२ मिमी ड्रिलने मोकळा करा, खालचा थर तसाच राहू द्या. खालून चिकटपट्टी लावा. आधी नुसतं पातळ इपॉक्सी ओता म्हणजे बाल्साची कड ते पिऊन घेईल, मग सिलिका घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी मधोमध ६.५ मिमीचं भोक पाडा. आता पाणी आलं तरी त्याला बाल्सा सापडत नाही, आणि बोल्ट आवळताना डेक चेपतही नाही.

भोकाचं वरचं तोंड काउंटरसिंकने (निमुळत्या ड्रिलने) थोडं तासा. त्या खाचेत सीलंट साठतं आणि बोल्टभोवती रिंग तयार होते. सपाट भोकावर आवळलं की सगळं बाहेर पिळून निघतं.

खारा_वारा :
स्टँचनला माझं मत ब्यूटिल टेपला (चिकट, रबरासारखी पट्टी). ती पिकत नाही, मऊच राहते, त्यामुळे पाय थोडा हलला तरी ताणली जाते. टेपची बारीक वळी करून बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळा, पायाखालीही पट्टी द्या. डोकं वरून स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा, नट खालून फिरवा. बोल्ट फिरला की सील तुटतं. खाली मोठे वायसर किंवा पट्टी हवीच. एकदम आवळू नका : उन्हात ब्यूटिल बाहेर येत राहील, तीन-चार दिवस रोज थोडं थोडं आवळा आणि आलेलं प्लास्टिकच्या पट्टीने कापा. पाणरेषेखाली आणि पेट्रोलचा संबंध येतो तिथे ब्यूटिल लावू नका, पेट्रोलने विरघळतं.

चेनप्लेटही (मास्ट म्हणजे डोलकाठीला धरणाऱ्या तारा जिला बांधतात ती स्टेनलेसची पट्टी) याच वेळी उघडा. डेकमधून जाते तिथे तपकिरी ओघळ असेल तर स्टेनलेस आतून कोरलं जात असण्याची शक्यता आहे, आणि मास्ट त्यावरच उभा आहे.

निळं_शीड :
भुसा कोरडा निघाला, चारही भोकांतून. त्या सिलिकॉनच्या जागेचं काय?

कुलाबा_धक्का :
सॉल्व्हंटने नुसतं पसरेल. प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, मग कोरड्याच १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा आणि तो कागद दुसरीकडे वापरू नका. नंतर पाणी शिंपडा. पाण्याचा सलग थर बसला तर जागा साफ आहे; थेंब गोळा होऊन सुटे राहिले तर सिलिकॉन अजून आहे, पुन्हा घासा. त्याआधी तिथे इपॉक्सीही भरू नका, धरणार नाही.