तालुक्याच्या पाणी नियोजनात प्रादेशिक हवामान मॉडेलांचे नकाशे वापरावेत का?

पांझराकाठ (धुळे):
पाणी आराखड्यांच्या चर्चेत हल्ली भविष्यातील मान्सूनचे तालुकानिहाय नकाशे पुढे केले जातात. खानदेशात तरी ते या पातळीवर वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रादेशिक मॉडेले म्हणजे जगाच्या एकाच भागाचे हवामान बारकाईने मांडणारी संगणकीय मॉडेले. दक्षिण आशियासाठीच्या कॉर्डेक्स या आंतरराष्ट्रीय उपक्रमातील अशी बरीच मॉडेले ५० किलोमीटरच्या जाळीवर, म्हणजे प्रदेशाच्या तेवढ्या बाजूच्या चौकटी पाडून, चालवली गेली आहेत. म्हणजे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या एका चौकटीत सातपुड्याचा उतार, तापीचे खोरे आणि शिंदखेड्याचे कोरडवाहू शिवार या सर्वांसाठी पावसाचा एकच आकडा असतो. नंतर २५ किलोमीटरची मॉडेले आली. पण एवढ्या जाळीतही तोरणमाळसारखी हजार मीटरहून उंच ठिकाणे बुटकी होतात, सह्याद्रीची धार बोथट होते आणि नवापूर व साक्री यांच्या पावसातला ढळढळीत फरक पुसट होतो.

याहून मोठी अडचण ढगांची आहे. आरोह पर्जन्याचे (तापलेली हवा वर चढून पडणाऱ्या पावसाचे) ढग काही किलोमीटर रुंदीचे असल्यामुळे ते या जाळीत मावत नाहीत आणि त्यांचा पाऊस सूत्रांच्या आधारे अदमासे काढावा लागतो. सूत्र बदलले की त्याच मॉडेलचा पाऊस बदलतो. शिवाय अनेक मॉडेले हलका पाऊस वाजवीपेक्षा जास्त दिवस पाडतात. हंगामाची बेरीज जुळली तरी जुलै-ऑगस्टमधला खंड त्यांत हरवतो, आणि कोरडवाहू कापसाचे नशीब त्या खंडावरच ठरते.

गिरणाकाठी (चाळीसगाव):
दोष खरे आहेत, निष्कर्ष मान्य नाही. शंभर-दोनशे किलोमीटरच्या जागतिक मॉडेलांना सह्याद्री जेमतेम दिसतो. प्रादेशिक मॉडेलांत घाटावरचा मुसळधार पाऊस आणि त्यामागची पर्जन्यछाया निदान ओळखता येते. दुसरे असे की प्रादेशिक मॉडेलला सीमेवरचे वारे आणि बाष्प बाहेरून पुरवले जाते. जागतिक मॉडेलऐवजी पुनर्विश्लेषणाची, म्हणजे निरीक्षणांच्या आधारे जुळवलेली मागच्या हवामानाची, माहिती पुरवली, तर मान्सूनचे सरासरी चित्र बहुधा सुधारते. जागतिक मॉडेलकडून आलेल्या चुकीचे खापर प्रादेशिक मॉडेलवर फोडणे रास्त नाही.

तुलना कशाशी करतो, हेही पाहावे. हवामान विभागाची पाव अंशाच्या (सुमारे २५ किलोमीटरच्या) चौकटींची पर्जन्य-माहिती पर्जन्यमापकांवरून बेतलेली आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत मापके विरळ आहेत. तिथे मॉडेलचा पाऊस जास्त दिसला, तर चूक मॉडेलचीच आहे असे छातीठोकपणे कसे म्हणावे? राहिलेल्या तफावतीसाठी सांख्यिकी दुरुस्ती, म्हणजे मॉडेलचे आकडे निरीक्षणांशी जुळवून घेणे, असतेच.

पांझराकाठ:
मापकांचा मुद्दा डोंगरापुरता मान्य. शिंदखेडा-अमळनेरच्या सपाटीला तो लागू पडत नाही. सांख्यिकी दुरुस्तीबद्दल मात्र गैरसमज फार आहे. नेहमीच्या पद्धती पावसाच्या दिवसांची संख्या आणि प्रमाण निरीक्षणांशी जुळवतात. कोणत्या दिवसानंतर कोणता दिवस कोरडा गेला, हा क्रम बहुतांशी मॉडेलचाच राहतो. पेरणीनंतर तीन आठवड्यांची उघडीप मॉडेलमध्ये पडलीच नसेल, तर ती दुरुस्तीतून येणार कुठून?

केळीपट्टा (रावेर):
आमची केळी विहिरी आणि बोअरवेलवर उभी असल्यामुळे मला उन्हाची चिंता अधिक आहे. तापमानाच्या बाबतीत ही मॉडेले पावसापेक्षा पुष्कळ भरवशाची आहेत, जरी त्यांतली काही प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतात. पावसातल्या चुकांवरून तापमानाचे अंदाजही त्याच तराजूत तोलू नयेत.

गिरणाकाठी:
मग तालुका सोडून खोऱ्याचा विचार करू. हतनूर धरणात येणारे पाणी बैतूल-बऱ्हाणपूरकडून तापीतून आणि अकोला-अमरावतीकडून पूर्णेतून येते. हे पाणलोट क्षेत्र अनेक चौकटींवर पसरलेले असल्यामुळे एका चौकटीची चूक दुसरीत काही प्रमाणात भरून निघते. या पातळीवर दहा-बारा मॉडेलांचा एकत्रित पल्ला (त्यांच्या अंदाजांतला सर्वांत कमी ते सर्वांत जास्त आकडा) पाहणे उपयोगी आहे, आणि नियोजनकाराला तो दाखवलाच पाहिजे.

पांझराकाठ:
चुका एकमेकींना खोडतात, हे त्या एकाच दिशेच्या नसतील तेव्हा खरे. तापीचे मोठे पूर बंगालच्या उपसागरात जन्मून मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाल्यांशी जोडलेले असतात. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाले, त्याआधी तापीच्या पाणलोटात असाच पाऊस झाला होता. मॉडेलमध्ये या प्रणाल्यांचा सर्वसाधारण मार्ग शंभर-दीडशे किलोमीटर उत्तरेला सरकलेला असेल, तर तापीचा पाऊस नर्मदेच्या खोऱ्यात पडतो आणि चौकटी कितीही एकत्र केल्या तरी हतनूरचा हिशेब चुकतोच. म्हणून पल्ला दाखवण्याआधी प्रत्येक मॉडेलने मागच्या तीस वर्षांत या प्रणाल्या कुठून नेल्या, ते तपासून दाखवावे. ज्यांच्या मार्गाचा मेळ बसत नाही, ती मॉडेले तापीच्या आराखड्यातून वगळावीत, मग उरलेली दोनच असली तरी चालेल.

गिरणाकाठी:
तपासणी जरूर व्हावी. वगळण्याला माझा विरोध आहे. भूतकाळाशी जुळणारी दोन मॉडेले तापलेल्या समुद्रावरच्या मान्सूनबद्दलही बरोबर असतील, याची हमी नाही, आणि दोनच ठेवली तर पल्ला फसवा अरुंद दिसेल.